इंचभरही उघडे नको : पॅसाडेनाच्या पुष्परथांची कथा

प्रजासत्ताक दिनी दिल्लीत निघणारे चित्ररथ आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. लोखंडी सांगाडा, प्लायवूड, थर्माकोल, फायबर, कापड आणि भरपूर रंग ही त्यांची सामग्री. आता कल्पना करा, की एके वर्षी नियम निघाला : रथावर रंग दिसता कामा नये; कापड, कागद, प्लास्टिक काहीही चालणार नाही. प्रेक्षकाच्या नजरेला पडणारा रथाचा प्रत्येक इंच फूल, पान, बी, साल अशा नैसर्गिक वस्तूंनीच झाकलेला हवा. हत्ती करायचा असेल तर त्याच्या कातडीच्या सुरकुत्या, सुळ्यांचा पांढरेपणा, डोळ्यांचा काळेपणा, सगळे झाडाझुडपांकडूनच आले पाहिजे. आणि फुलांना कृत्रिम रंग लावून पळवाट काढायची नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातल्या पॅसाडेना शहरात दरवर्षी नववर्षदिनी असेच चित्ररथ निघतात. सकाळी आठच्या ठोक्याला सुरू होणारी ही मिरवणूक साडेपाच मैलांची, म्हणजे जवळजवळ नऊ किलोमीटरची असते. साधारण चाळीस पुष्परथ, वीसेक बँडपथके आणि घोडेस्वारांचे ताफे ताशी अडीच मैलांच्या गतीने, म्हणजे आपल्या चालण्याच्या वेगाने, पुढे सरकतात. ‘टूर्नामेंट ऑफ रोझेस’ हे या सोहळ्याचे नाव. मिरवणुकीला ‘रोझ परेड’ म्हणतात. पहिली निघाली १ जानेवारी १८९० रोजी.

या रथांचे कौतुक करणारे लेखन पुष्कळ आहे. आपल्याला इथे थोडे खोलात जायचे आहे. फुलांनी इंच न इंच झाकण्याचा हा हट्ट नेमका कसा पाळला जातो? आणि इतक्या काटेकोरपणे झाकलेल्या पृष्ठभागाखाली काय काय असते?

बर्फाला दिलेले उत्तर

पॅसाडेना हे लॉस एंजेलिसच्या ईशान्येला, सॅन गॅब्रिएल डोंगरांच्या पायथ्याशी वसलेले गाव. मूळची भूमी टोंगवा या आदिवासींची. १८७४ मध्ये इंडियाना राज्यातून आलेल्या लोकांनी इथे वसाहत केली, संत्र्याच्या बागा लावल्या. १८८६ मध्ये गावाला शहराचा दर्जा मिळाला. त्याच सुमारास पूर्वेकडून रेल्वे आली आणि दक्षिण कॅलिफोर्नियात जमिनीच्या भावांना पंख फुटले. पण दोन-तीन वर्षांतच तो फुगा फुटला. कालपर्यंत हातोहात विकले जाणारे भूखंड पडून राहिले.

अशा पडत्या काळात शहरातल्या सुखवस्तू लोकांचा ‘व्हॅली हंट क्लब’ स्थापन झाला होता. त्याचे एक सभासद चार्ल्स फ्रेडरिक होल्डर हे निसर्गअभ्यासक होते. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात त्यांनी काम केले होते आणि प्रकृतीच्या कारणाने ते पूर्वेची थंडी सोडून इकडे आले होते. भर जानेवारीत न्यूयॉर्क बर्फाखाली गाडलेले असते आणि आपल्या अंगणात गुलाब फुललेले असतात, झाडाला संत्री लगडलेली असतात. हे जगाला दाखवायला हवे, अशी त्यांची कल्पना होती. क्लबच्याच फ्रान्सिस रोलंड यांनी फ्रान्समधल्या नीस शहराचा फुलांचा उत्सव पाहिला होता. नीसमध्ये १८७६ पासून सजवलेल्या गाड्यांतून लोक एकमेकांवर फुले उधळत. तो धागा इथे जोडला गेला.

पहिल्या वर्षी आजच्यासारखे रथ नव्हतेच. सभासदांनी आपापल्या घोडागाड्यांना घरच्या बागेतली फुले बांधली, गावातून फेरी काढली आणि दुपारी मैदानात शर्यती, रस्सीखेच, पोलो असे खेळ झाले. भाल्याच्या टोकाने टांगलेली कडी उचलण्याची जुनी घोडेस्वारी स्पर्धाही त्यांत होती. ‘टूर्नामेंट’ हा शब्द त्या खेळांमुळे आला, ‘गुलाब’ गाड्यांवरच्या फुलांमुळे.

या उत्सवाची प्रेरणा सौंदर्याची होती, तशीच ती जाहिरातीचीही होती. या हवेत या, इथे राहा, इथे जमीन घ्या, असे निमंत्रण त्या फुलांत दडलेले होते. मात्र ते निमंत्रण खरे होते. फुले त्याच मातीतली, त्याच महिन्यात उमललेली होती. फूल हा तिथे पुरावा होता. ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे, कारण पुढे तिच्यात मोठा बदल झाला.

क्लबला हा पसारा झेपेना, तेव्हा १८९५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र संस्था निघाली. खर्च निघावा, गर्दी वाढावी म्हणून तिने अनेक प्रयोग केले. शहामृगांच्या शर्यती झाल्या. एकदा हत्ती आणि उंट यांचीही शर्यत लावण्यात आली, ती हत्तीने जिंकली. १९०२ मध्ये फुटबॉलचा सामना ठेवला, तर मिशिगनने स्टॅनफर्डचा ४९-० असा धुव्वा उडवला. मग काही वर्षे फुटबॉल बाजूला ठेवून ‘बेन-हर’ कादंबरीच्या लोकप्रियतेच्या लाटेवर रोमन पद्धतीच्या रथांच्या शर्यती भरवल्या. १९१६ मध्ये फुटबॉल परत आला आणि आज ‘रोझ बोल’ हा सामना मिरवणुकीइतकाच प्रसिद्ध आहे.

एक जुना नियम मात्र टिकला. १ जानेवारीला रविवार आला तर मिरवणूक दुसऱ्या दिवशी काढायची. १८९३ मध्ये हे ठरले, कारण रविवारी चर्चबाहेर बांधलेले घोडे बँडच्या आवाजाने बुजतील अशी भीती होती. आता चर्चबाहेर घोडे नसतात, मोटारी असतात. तरी २०२३ ची मिरवणूक २ जानेवारीलाच निघाली.

सांगाड्यापासून पाकळीपर्यंत

आता रथ कसा तयार होतो ते पाहू. एक मिरवणूक संपली की थोड्याच काळात पुढच्या वर्षाच्या रथांची चित्रे कागदावर येऊ लागतात. बहुतेक रथ व्यावसायिक कारखान्यांत बनतात. त्यांचा खर्च कंपन्या, संस्था किंवा शहरे उचलतात आणि तो लाखो डॉलरच्या घरात जातो. काही शहरे मात्र अजूनही आपला रथ स्वयंसेवकांच्या बळावर स्वतःच बांधतात. कॅल पॉली विद्यापीठाच्या पोमोना आणि सॅन लुई ओबिस्पो इथल्या दोन संकुलांचे विद्यार्थी १९४९ पासून मिळून एक रथ उभारतात. अर्धा रथ इकडे, अर्धा तिकडे तयार होतो आणि शेवटी दोन्ही भाग जोडले जातात.

सर्वात खाली मोटारीची चौकट असते. तिच्यावर जाड पोलादी गजांचा सांगाडा आणि त्यावर बोटाएवढ्या सळ्या वाकवून प्राण्यांचे, माणसांचे, इमारतींचे आकार काढतात. सळ्यांवर बारीक जाळी बसवतात. या जाळीवर एक चिकट द्रावण फवारले जाते. ते वाळले की जाळीवर ताणलेली पातळ पण मजबूत त्वचा तयार होते. रेशमाच्या किड्याच्या कोशासारखी दिसते म्हणून या कामाला कोशाचेच नाव आहे. मग या त्वचेवर रंग दिला जातो. रंग चालत नाही असे आपण म्हटले खरे, पण हा रंग शेवटी दिसणार नसतो. कोणत्या भागावर कोणते बी, कोणती पाकळी चिकटवायची, याचा तो नकाशा असतो. आपल्याकडे रांगोळीत आधी ठिपके घालतात, तसाच हा प्रकार.

डिसेंबरात सजावट सुरू होते आणि इथे मराठी वाचकाला आपल्या स्वयंपाकघरातले डबे आठवतील. केशरी रंगासाठी मसुराची डाळ, काळ्यासाठी कांद्याचे बी किंवा खसखशीची काळी जात, तपकिरीसाठी कॉफी, दालचिनी आणि अक्रोडाच्या टरफलांची पूड, पांढऱ्यासाठी तांदूळ आणि खोबऱ्याचा कीस, हिरव्यासाठी सोललेले वाटाणे. निळा रंग निसर्गात दुर्मीळ, म्हणून निळ्या स्टॅटिसची वाळलेली फुले चुरून वापरतात. आपल्या गणपतीच्या दिवसांत धान्यांची जी चित्रे काढली जातात, त्यांच्या कारागिरीशी याचे जवळचे नाते आहे. फरक इतकाच, की हे चित्र दुमजली उंचीचे असते, हलते आणि नऊ किलोमीटर प्रवास करते.

सजावटीचा क्रम फुलांच्या आयुष्यावर ठरतो. न सुकणारे ते आधी, लवकर सुकणारे ते शेवटी. बिया, साली, वाळलेली पाने यांचे काम नाताळपूर्वी उरकते. नाताळ संपला की ताजी फुले येतात. शेवंती आणि कार्नेशन चिवट असल्याने त्यांची डोकी थेट चिकटवता येतात. गुलाब आणि ऑर्किड यांचे तसे नाही. त्यांच्या प्रत्येक देठाला पाण्याची लहानशी कुपी लावली जाते आणि ती कुपी फोममध्ये रोवली जाते. एका रथावर असे हजारो गुलाब, म्हणजे हजारो कुप्या, एकेक हाताने भरलेल्या. सरासरी फुलवाला पाच वर्षांत जितकी फुले विकतो, तितकी एका रथाला लागतात, असे तिथे सांगतात. मनुष्यबळाचा साधारण हिशेब असा, की साठ स्वयंसेवकांनी रोज दहा तास याप्रमाणे दहा दिवस काम केले, तर एक रथ झाकून होतो. शाळकरी मुले, निवृत्त माणसे, देशाच्या दुसऱ्या टोकाहून नाताळची सुट्टी काढून आलेली कुटुंबे, असे सारे परातीतल्या डाळी आणि डिंकाचे डबे घेऊन परांचीवर बसलेले असतात.

१९५४ मध्ये या मिरवणुकीचे देशभर रंगीत दूरचित्रवाणी प्रक्षेपण झाले. त्या काळी रंगीत संच घरोघरी नव्हते. रंगीत चित्र कसे दिसते हे दाखवायला फुलांइतके योग्य दुसरे काय असणार? पुढे रथ मोठे, उंच, यंत्रांनी हलणारे होत गेले. २०१७ मध्ये एका कंपनीने १२६ फूट लांबीच्या रथावर पाण्याची टाकी ठेवून तिच्यात लाटा उठवल्या आणि त्या लाटांवर कुत्र्यांना सर्फिंग करायला लावले. त्या रथाचे वजन साठ टनांहून अधिक होते. घरच्या गाडीला फुले बांधण्यापासून आपण किती दूर आलो, हे यावरून कळते.

रथाच्या पोटातला माणूस

रस्त्याच्या कडेने पाहणाऱ्याला रथ आपोआप तरंगत चालल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात त्याच्या पोटात चालक बसलेला असतो आणि बहुतेक वेळा त्याला समोरचे फारसे दिसत नाही. फुलांत लपलेल्या फटीतून दुसरा माणूस बाहेर पाहतो आणि कानाला लावलेल्या यंत्रातून त्याला डावे-उजवे सांगतो. रथावर हलणारे भाग असतील तर ते चालवणारा तिसरा. इंजिनाची उष्णता, धूर आणि डोक्यावर वाळलेल्या वस्तूंचा थर, म्हणजे आगीचा धोका आलाच. म्हणून आधीच्या महिन्यांत प्रत्येक रथाची चाचणी होते आणि पोटातल्या माणसांना मिनिटभराच्या आत बाहेर पडून दाखवावे लागते.

वाटेच्या शेवटच्या टप्प्यात महामार्गाचा एक पूल लागतो. त्याखालून जायला साधारण सतरा फुटांहून कमी उंची हवी. म्हणून उंच रथांचे मनोरे, माना, पंख पुलाजवळ येताच खाली झुकतात आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा उभे राहतात. तिथल्या प्रेक्षकांना हा खेळ रथाइतकाच आवडतो.

हे सारे पाहायला लोक आदल्या दुपारपासून पदपथावर अंथरुणे टाकतात. कोलोरॅडो बुलेवार या मुख्य रस्त्यावर एक निळी रेघ आखलेली असते. ३१ डिसेंबरला रात्री अकरा वाजले की पदपथावरून उतरून त्या रेघेपर्यंत सरकण्याची मुभा मिळते. पाऊस इथे क्वचितच पडतो. १९५५ नंतर भिजलेली मिरवणूक थेट २००६ मध्ये पाहायला मिळाली.

रथावर कोण बसणार?

फुलांचा नियम सर्वांना सारखा होता. माणसांचा नव्हता.

१९५७ च्या अखेरीस पॅसाडेना नगरपालिकेतील जोन विल्यम्स या तरुण कर्मचारी स्त्रीची ‘मिस क्राउन सिटी’ म्हणून निवड झाली. नववर्षदिनी शहराच्या रथावर बसण्याचा मान तिचा होता. ती वर्णाने उजळ होती. ती कृष्णवर्णीय आहे हे निवडीनंतर कळले आणि मग शहराने त्या वर्षी रथच काढला नाही. तिला रथावर न बसवण्यासाठी रथाचा बळी दिला गेला. इतकी वर्षे खपून जोपासलेली परंपरा मोडायला एका माणसाचा वर्ण पुरेसा झाला. २०१५ मध्ये, सत्तावन्न वर्षांनी, संयोजकांनी तिला सन्मानाने बोलावले. ऐंशी ओलांडलेल्या जोन विल्यम्स त्या दिवशी मिरवणुकीच्या अग्रभागी असलेल्या रथावर बसल्या. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले.

दुसरी गोष्ट त्याआधीची. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर १९४२ ची मिरवणूक रद्द झाली. युद्धकाळात १९४३ आणि १९४५ मध्येही ती निघाली नाही. पण १९४२ मध्ये त्याहून गंभीर असे काही घडले. दक्षिण कॅलिफोर्नियातली फुलशेती आणि रोपवाटिका वाढवण्यात जपानी वंशाच्या कुटुंबांचा मोठा वाटा होता. त्या वर्षी या कुटुंबांना घरे, शेते, काचघरे सोडायला लावून छावण्यांत डांबण्यात आले. पॅसाडेनापासून काही मैलांवरचे सांता अनिता हे घोड्यांच्या शर्यतीचे मैदान त्यांना गोळा करण्याचे ठिकाण होते. हजारो माणसे तिथे घोड्यांच्या तबेल्यांत राहिली. ज्यांनी या भूमीत फुले पिकवली, त्यांनाच तिने परके ठरवले.

१९९२ मध्ये वादाला वेगळे रूप आले. कोलंबसच्या सफरीला पाचशे वर्षे होत होती म्हणून त्याच्या एका वंशजाला प्रमुख पाहुणा नेमले गेले. मूळनिवासींनी त्यावर तीव्र आक्षेप घेतला. अखेर शायेन जमातीचे लोकप्रतिनिधी बेन नाइटहॉर्स कॅम्पबेल यांनाही तोच मान देण्यात आला आणि दोघेही मिरवणुकीत सामील झाले. मिरवणूक म्हणजे समाजाने स्वतःचे काढलेले चित्र असते. त्या चित्रात कोण असावे, यावरचे भांडण म्हणूनच खरे भांडण असते.

फुले कुठली?

आता पुन्हा सुरुवातीच्या पुराव्याकडे येऊ. जानेवारीत इथे गुलाब फुलतात, हे दाखवण्यासाठी ही मिरवणूक जन्मली. आज तिच्यातले बरेचसे गुलाब इथले नसतात.

१९९१ मध्ये अमेरिकेने अँडीज पर्वतातल्या देशांसाठी एक व्यापार कायदा केला. कोलंबिया, इक्वेडोर अशा देशांतल्या शेतकऱ्यांनी कोकेनसाठी कोकाची लागवड करू नये, दुसरी पिके घ्यावीत, म्हणून त्यांच्या अनेक मालांवरचे आयातशुल्क माफ झाले. फुले त्यांत होती. बोगोटाचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे २६०० मीटर उंच आणि विषुववृत्ताजवळ आहे. बारा महिने बारा तासांचा लख्ख प्रकाश, रात्री गारवा आणि मजुरी कमी. लांब देठाचा, टपोरा गुलाब पिकवायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. अमेरिकी गुलाब उत्पादकांचा टिकाव लागला नाही; बहुतेकांनी काचघरे बंद केली. आज अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या फुलांपैकी सुमारे ऐंशी टक्के फुले आयात केलेली असतात. कोलंबियातल्या फुलशेतांत राबणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. हंगामात कामाचे तास लांबतात आणि कीटकनाशकांच्या फवाऱ्याचा प्रश्न तिथे वर्षानुवर्षे मांडला जात आहे.

हे अर्थशास्त्र आपल्यालाही परके नाही. तळेगाव-मावळच्या हरितगृहांतला गुलाब फेब्रुवारीत विमानाने परदेशी जातो आणि तिथे त्याची गाठ केनिया-इथिओपियाच्या गुलाबाशी पडते. फूल नाजूक असते, त्याचा बाजार नाही.

याला उत्तर म्हणून काही रथ आता ‘कॅलिफोर्नियात पिकलेले’ अशी प्रमाणित मुद्रा मिळवू पाहतात. त्यासाठी रथावरची किमान ८५ टक्के फुले आणि वनस्पती राज्यातल्याच असाव्या लागतात. विद्यार्थ्यांच्या कॅल पॉली रथाने यात पुढाकार घेतला. पण बाकीच्यांना तसे बंधन नाही. नियम म्हणतो, वस्तू नैसर्गिक हवी. ती कुठून आली, कोणी तोडली, याविषयी तो काही म्हणत नाही.

शेवटची भुवई

मग हा सारा देखावाच म्हणायचा का? तसे म्हणणे सोपे आहे, पण पुरेसे नाही.

२००४ पासून अवयवदानाचा संदेश देणारा एक रथ या मिरवणुकीत येऊ लागला. त्यावर अवयवदात्यांचे चेहरे असत, बिया, मसाले, कॉफीची पूड आणि पाकळ्यांच्या चुऱ्यातून घडवलेले. कारागीर जवळजवळ सगळे चित्र पूर्ण करत, पण थोडा भाग, बहुधा भुवई, मोकळा ठेवत. ती भरायला त्या दात्याची आई, पती, मुले येत. बोटांनी चिमूट चिमूट पूड लावून ते आपल्या माणसाचा चेहरा पुरा करत. त्याच रथावर दुसऱ्यांच्या अवयवांमुळे जगलेली माणसे बसत. इंचभरही उघडे न ठेवण्याचा नियम इथे वेगळ्या अर्थाने पाळला जाई. शेवटचा इंच कारागिराने भरायचा नाही, ज्याचे दुःख आहे त्याने भरायचा.

जानेवारी २०२५ मध्ये मिरवणूक होऊन आठवडाही लोटला नव्हता, तोच ७ तारखेला शेजारच्या डोंगरात आग लागली. ईटन आगीने पॅसाडेनाला लागून असलेल्या अल्टाडीना वस्तीचा मोठा भाग बेचिराख केला. नऊ हजारांहून अधिक बांधकामे गेली. ज्या रोझ बोलच्या परिसरात नववर्षदिनी सामन्याची गर्दी होती, तिथेच अग्निशामक दलाचा तळ पडला. ज्या कोरड्या, उबदार हिवाळ्याचा गौरव करण्यासाठी १८९० मध्ये घोडागाड्यांना फुले बांधली गेली, त्याच कोरड्या हिवाळ्याने आगीला वाट दिली होती. पुढच्या १ जानेवारीला रथ पुन्हा निघाले.

मिरवणूक संपली की रथ दोन-एक दिवस लोकांना जवळून पाहायला ठेवतात. तोवर पाकळ्यांच्या कडा तपकिरी होऊ लागलेल्या असतात. मग फुले उतरवली जातात, कुप्या काढल्या जातात, जाळी फाडली जाते. खाली उरतो तो पोलादी सांगाडा. तो टाकून देत नाहीत. पुढच्या वर्षी त्याच गजांना नवा आकार देतात आणि डिसेंबर आला, की पुन्हा कोणीतरी परातीत मसुराची डाळ घेऊन त्याच्यासमोर बसते.